पाऊस पडला तर, पडला असता तर

"येलदरीतून पाणी सोडलं नसतं तर सिद्धेश्वर भरलं नसतं." पूर्णेच्या काठी हे वाक्य कोणीही सहज बोलून जाईल आणि ऐकणाऱ्याला त्यात काही उलगडून सांगावे लागणार नाही. वाक्यात नकार दोनदा आला आहे, पण कळते ते असे की पाणी सोडले गेले आणि धरण भरले. आता दोन्ही नकार काढून पाहा: "पाणी सोडलं असतं तर सिद्धेश्वर भरलं असतं." नकाराचा शब्द एकही उरला नाही, आणि कळते ते नेमके उलटे. होकारी वाक्यातून नकार पोचवायचा आणि नकारी वाक्यातून होकार, हे काम क्रियापदाचे एक रूप करते. औंढा तालुक्यातले मूल हे रूप शाळेत जाण्याआधीच शिकलेले असते. तेच मूल दहावीत पोचते, इंग्रजीच्या वहीत "इफ इट वुड हॅव रेन्ड, द डॅम वुड हॅव फिल्ड" असे लिहिते, त्याखाली लाल रेघ येते आणि तुझे व्याकरण कच्चे आहे असे त्याला सांगितले जाते.

त्याचे व्याकरण कच्चे नाही. ते वाक्य मराठीच्या नियमाने काटेकोर रचलेले आहे. मराठीत अट सांगणाऱ्या भागाला आणि परिणाम सांगणाऱ्या भागाला रूप एकच लागते: पडला असता, भरलं असतं. इंग्रजी अटीच्या भागाला 'हॅड' देते आणि 'वुड हॅव' परिणामाच्या भागासाठी राखून ठेवते. मुलाने मराठीतला तोल इंग्रजीत जसाच्या तसा नेला, एवढेच घडले. अमेरिकेत तर जन्माने इंग्रजी बोलणारे कितीतरी लोक बोलण्याच्या ओघात हीच रचना करतात. तेव्हा चूक दाखवायची ती ती कुठून आली हे दाखवून, आणि तसे दाखवता यावे म्हणून हे पुस्तक लिहिले आहे. विषय दोनच आहेत: इंग्रजीतला नकार आणि इंग्रजी क्रियापदाची कल्पित, म्हणजे न घडलेल्या किंवा घडेलच असे नसलेल्या गोष्टी सांगणारी रूपे. पण दोन्हींकडे जाण्याची वाट मराठीतून काढली आहे.

हे दोन विषय एकत्र का, असे कोणी विचारील. दोन्हींचे काम एकच आहे: जे नाही त्याविषयी बोलणे. आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. वैशेषिकांनी पुढे अभाव हा स्वतंत्र पदार्थच मानला. 'नाही' नेमके कशाला लागते, नामाला की क्रियेला, यावरून व्याकरणकारांनी आणि मीमांसकांनी पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध असे दोन प्रकार वेगळे केले. पाणिनीने तर न घडलेल्या क्रियेसाठी लृङ् हा लकारच नेमून दिला आणि त्याचा विषय सांगताना क्रियातिपत्ती, म्हणजे क्रिया घडायची राहून जाणे, ही संज्ञा वापरली. लृङ्ची घडण पाहण्यासारखी आहे. भविष्यकाळाच्या अंगाला भूतकाळाचा 'अ' लावायचा: भविष्यति, अभविष्यत्. इंग्रजीतले 'वुड' हे 'विल'चे भूतकाळी रूप. म्हणजे तिथेही भविष्याला भूतकाळ जोडूनच कल्पित तयार होते. दोन भाषांनी हजारो मैलांवर, एकमेकींना न विचारता, एकच युक्ती काढली आहे. संस्कृत पाठांतर करणाऱ्या मुलाला इंग्रजीच्या तासाला हे कोणी दाखवत नाही, याची मला खंत वाटते.

इंग्रजी नकाराचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कळला की 'डू' ही अडगळ वाटत नाही. जुन्या इंग्रजीत नकाराचा शब्द 'ने' क्रियापदाच्या आधी येई. तो उच्चारात दुबळा झाला, म्हणून क्रियापदानंतर 'नॉट' जोडले जाऊ लागले आणि काही काळ दोन्ही नांदले. मग 'ने' गळून पडले आणि 'आय से नॉट' असे उरले. शेवटी 'डू' मदतीला आले: 'आय डू नॉट से'. सतराव्या शतकात त्याचेही आखडून 'डोन्ट' झाले. नकार झिजतो, त्याला टेकू लागतो, टेकूच मुख्य होतो आणि तोही झिजू लागतो. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 साली अनेक भाषांतला हा क्रम मांडला. पुढे ओस्टेन डाल यांनी 1979 साली त्याला येस्पर्सनचे चक्र म्हटले आणि ते नाव रूढ झाले.

मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसर यांच्या काळात एका वाक्यात दोन-तीन नकार आले तरी अर्थ एकाच नकाराचा असे. अठराव्या शतकात नियमांची हौस वाढली. रॉबर्ट लौथ यांच्या व्याकरणात दोन नकार एकमेकांना खोडतात हा नियम पक्का झाला आणि लिंडली मरे यांच्या 1795च्या पाठ्यपुस्तकाने तो शाळाशाळांत नेला. मरे यांचे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यासमोर नमुना मरे यांचा होता. मराठीचे व्याकरण त्याआधी कोणी केलेच नव्हते असे नाही. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांचे 'पंचवार्तिक' होते, आणि विल्यम कॅरे यांनी 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून इंग्रजीत मराठीचे व्याकरण छापले होते. पण शाळेत रुजली ती दादोबांची मांडणी, आणि तिच्यामुळे मराठी क्रियापद बराच काळ इंग्रजीच्या चौकटीत बसवून पाहिले गेले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या मांडणीची परखड चिकित्सा केली. मोरो केशव दामले यांनी 1911च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त अफाट सामग्री गोळा करून संस्कृत, इंग्रजी आणि मराठी यांचा ताळमेळ घालण्याचा प्रयत्न केला. अरविंद मंगरूळकरांनी 1964 साली 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' लिहिला आणि मराठीला मराठीच्याच नजरेने पाहावे हा आग्रह धरला. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे क्रियापदाचे चार अर्थ शाळेत आजही पाठ करून घेतात. त्यांतला संकेतार्थ आणि इंग्रजीतले 'इफ'चे वाक्य एकाच कामाचे आहेत, हे मात्र दोन्ही तासांपैकी एकाही तासाला सांगितले जात नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विषय फार वाढला. एडवर्ड क्लिमा यांनी 1964 साली इंग्रजी नकाराची रचना नव्या वाक्यविचाराने तपासली. 'एनी', 'एव्हर' यांसारखे शब्द नकाराच्या छायेतच का नांदतात याचा शोध विल्यम लॅडुसॉ यांनी 1979 साली अर्थाच्या अंगाने घेतला. लॉरेन्स हॉर्न यांचा 1989चा ग्रंथ तर ॲरिस्टॉटलपासून आजपर्यंतचा सगळा नकार कवेत घेतो. कल्पिताच्या बाजूला रॉबर्ट स्टॉलनेकर (1968) आणि डेव्हिड लुइस (1973) या तत्त्वज्ञांनी 'असते तर' ही वाक्ये खरी कधी ठरतात हे सांगण्यासाठी शक्य जगांची कल्पना वापरली: आपल्या जगासारखेच, पण पाऊस पडलेले एखादे जग डोळ्यांपुढे आणायचे आणि तिथे धरण भरले का ते पाहायचे. सबीन इयाट्रिडू यांनी 2000 साली विचारले की कल्पितासाठी इतक्या भाषांना भूतकाळच का लागतो. हडलस्टन आणि पुलम यांचे 2002चे केंब्रिज व्याकरण या सगळ्या अभ्यासानंतरचे आहे, आणि इंग्रजीचे वर्णन करताना मी बहुतेक ठिकाणी त्याच वाटेने गेलो आहे. या पंथांमध्ये मतभेद खोल आहेत. शिकणाऱ्याला त्यांतले दोनच निष्कर्ष पुरतात: नकाराला व्याप्ती असते, म्हणजे तो वाक्यात कुठवर पोचतो हे महत्त्वाचे, आणि भूतकाळाचे रूप नेहमी भूतकाळ सांगत नाही.

यातला दुसरा निष्कर्ष आमच्या भागातल्या मुलाला समजायला मुळीच अवघड नाही, कारण तो ते रोज करतो. "पाऊस पडला तर धरण भरेल." पाऊस अजून पडलेला नाही, तो उद्या-परवा पडायचा आहे, तरी रूप आहे 'पडला'. मराठी इथे भूतकाळाचे रूप घेते ते खुल्या शक्यतेसाठी. इंग्रजी हेच रूप दूरच्या शक्यतेसाठी घेते: "इफ इट रेन्ड, द डॅम वुड फिल", म्हणजे पडेलसे वाटत नाही, पण समजा पडलाच. खुल्या शक्यतेला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ लागतो: "इफ इट रेन्स, द डॅम विल फिल". म्हणून मुलाच्या वहीत "इफ इट रेन्ड, द डॅम विल फिल" असे सापडते. अर्धे वाक्य मराठीच्या हिशोबाने आणि अर्धे इंग्रजीच्या. दोन्ही भाषा भूतकाळ उसना घेतात, फक्त वेगवेगळ्या घरी नेतात, हे एकदा दाखवले की मूल स्वतःच वाक्य दुरुस्त करते.

याच्या पुढे एक खरी अडचण उभी राहते आणि तिच्यावर पुस्तकात बरीच पाने खर्ची पडली आहेत. "त्याच्याकडे पैसे असते तर त्याने दिले असते." हे आजचे की गेल्या वर्षीचे? मराठी वाक्य सांगत नाही, प्रसंगावरून कळते. इंग्रजीला मात्र ठरवावेच लागते. आजचे असेल तर 'हॅड' आणि 'वुड गिव्ह', गेल्या वर्षीचे असेल तर 'हॅड हॅड' आणि 'वुड हॅव गिव्हन'. मराठीत जिथे एक खण आहे तिथे इंग्रजीत दोन आहेत. इथे मराठीतून थेट वाट नाही. मुलाने आधी स्वतःला 'कधी?' हा प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. तीन प्रकारच्या 'इफ' वाक्यांचा तक्ता पाठ करून घेणारे शिक्षक हा प्रश्न विचारायला शिकवत नाहीत, म्हणून तक्ता परीक्षेपुरता टिकतो.

नकाराच्या बाबतीत मराठीची श्रीमंती थक्क करणारी आहे. नाही, नव्हता, नसतो, नको, नये, नव्हे. यांतली बहुतेक रूपे तेराव्या शतकातल्या मराठीतही ओळखू येतात, म्हणजे इथल्याच हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीत जन्मले असे मानले जाणारे नामदेव ज्या मराठीत रमले तिच्यात. आपला नकार स्वतःच क्रियापद आहे. तो पुरुष आणि वचन अंगावर घेतो: नाही, नाहीस, नाहीत. नको, नकोस, नका. 'ये'चा नकार 'येऊ नको', 'यावे'चा 'येऊ नये', आणि 'येईल'चा सरळ नकार होतच नाही, तिथे 'येणार नाही' असे वळण घ्यावे लागते. इतके वाकणे ज्याच्या अंगवळणी पडले आहे त्याला 'डोन्ट, डझन्ट, डिडन्ट' जड जाऊ नयेत. ते जड जातात ते "तो आला नाही" या वाक्यामुळे. तिथे काळ 'आला'मध्येच राहतो आणि 'नाही' मागाहून येते, म्हणून "ही डिडन्ट केम". मी शिक्षकांना सुचवतो की सुरुवात "तो येत नव्हता" पासून करावी. अर्थ 'डिडन्ट कम'चा नाही हे खरे, पण घडण तीच आहे: भूतकाळ 'नव्हता'ने उचलला आणि 'येत' मोकळे राहिले. 'डिडन्ट'नेही तसाच काळ उचलला, मग 'कम' मोकळेच राहणार.

'कोणी आले नाही' यातून "एनीबडी डिड नॉट कम" येते. मराठी 'कोणी' नकाराच्या आधी बसू शकते, इंग्रजी 'एनीबडी' नकाराच्या व्याप्तीत, म्हणजे त्याच्यानंतरच बसते. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' यातून "वेट टिल ही डझन्ट कम" येते, कारण मराठीला तिथे नकार लागतो आणि इंग्रजीत तो 'अंटिल'च्या अर्थातच मुरलेला आहे. असा मुरलेला नकार 'टू'मध्येही आहे. बारावीच्या प्रश्नपत्रिकेत 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहायला सांगतात आणि मुले 'सो… दॅट… कॅनॉट' हा साचा डोळे मिटून भरतात. तो 'नॉट' कुठून उगवला हे रेन आणि मार्टिन यांच्या 1935 पासून चालत आलेल्या पुस्तकाच्या परंपरेत विचारलेच जात नाही. "इतका थकला की चालवेना" असे मराठीत एकदा म्हणून पाहिले की नकार कुठे दडला होता ते कळते.

'चालवेना' हे रूप मला या सगळ्या विषयात सर्वांत प्रिय आहे. पाऊस पडेना, डोळा लागेना, पोरगं ऐकेना, विहिरीवरची मोटार चालू होईना. ही नुसती 'होत नाही'ची पुनरुक्ती नाही. यात हट्ट आहे, अडणे आहे, माणसाने पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याची सूचना आहे. शिक्षक सांगतात की इंग्रजीला हे साधत नाही. साधते. "द मोटर वोन्ट स्टार्ट." इथला 'वोन्ट' भविष्यकाळाचा नाही, 'विल'चा मूळचा इच्छेचा अर्थ नकारात टिकून राहिला आहे, निर्जीव वस्तूलाही लागतो, आणि भूतकाळात 'वुडन्ट' होतो. 'वोन्ट म्हणजे -णार नाही' एवढेच पाठ असलेला मुलगा हे वाक्य वाचून मोटार उद्या चालू होणार नाही असा अर्थ काढतो. पंपापाशी दुपार घालवलेल्या मुलाला 'होईना' म्हणून सांगितले की पुन्हा समजवावे लागत नाही.

विध्यर्थातही अशीच जवळीक सापडते. डॉक्टरांचा आग्रह होता की त्याने प्रवास करू नये: "द डॉक्टर इन्सिस्टेड दॅट ही नॉट ट्रॅव्हल". 'डू' नाही, काळ नाही, उघडा 'नॉट'. इंग्रजीचे हे रूप मरणपंथाला लागले आहे असे फाउलर यांना 1926 साली वाटत होते, पण अमेरिकी इंग्रजीने या एका रचनेत त्याला पुन्हा उभारी दिली. 'करू नये' मध्येही काळ नसतो.

या भागात इंग्रजी आली ती वळणावळणाने. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती, म्हणजे साहेबाची भाषा एकोणिसाव्या शतकातच कानावर पडत होती. शिक्षण मात्र निजामी राज्यातले. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झाले आणि इंग्रजी हा तिथे सक्तीचा विषय होता. घरी मराठी बोलणारा विद्यार्थी उर्दूतून इंग्रजी शिकत असे. 1948 साली निजामी राज्य संपल्यानंतर माध्यम बदलले. 2000 सालापासून महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. पण शिकवण्याच्या पद्धतीत मराठीला बंदीच राहिली. पन्नास-साठच्या दशकांत आलेल्या रचनाप्रधान पद्धतीने वर्गात मातृभाषा बोलणे हाच दोष ठरवला. गंमत नाही, दुःख याचे आहे की त्याच काळात रॉबर्ट लॅडो (1957) दोन भाषा शेजारी ठेवून चुका आधी ओळखायला सांगत होते, पिट कॉर्डर (1967) चूक ही शिकण्याची खूण आहे असे म्हणत होते, आणि लॅरी सेलिंकर (1972) शिकणाऱ्याच्या मधल्या भाषेलाही स्वतःचे नियम असतात हे दाखवत होते. लॅडोंचे सगळे म्हणणे आज टिकत नाही. प्रत्येक चूक मातृभाषेतून येत नाही हे पुढे सिद्ध झाले. नकार आणि कल्पित या दोन प्रांतांत मात्र मातृभाषेचा हात मला पानोपानी दिसतो.

आज याची निकड का, तर नकार चुकीचा वाचला की अर्थ थोडासा हलत नाही, पार उलटा होतो. औषधाच्या सूचनेतले 'मस्ट नॉट' म्हणजे घेऊ नये, 'नीड नॉट' म्हणजे घेतले नाही तरी चालेल. कर्जाच्या करारातले 'अनलेस' एकाच शब्दात अट आणि नकार दोन्ही घेऊन येते. मुलाखतीत "हॅवन्ट यू ब्रॉट द सर्टिफिकेट?" असे विचारल्यावर मराठी मुलगी "यस" म्हणते, कारण तिच्या मनात "हो, नाही आणलं" हे सरळ उत्तर आहे, समोरच्याला ते प्रमाणपत्र आणल्यासारखे ऐकू येते. आपल्या संविधानातली 14, 15, 20 आणि 21 ही कलमे मूळ इंग्रजीत नकारी रचनेची आहेत. राज्याने काय करायचे नाही हे सांगून ती नागरिकाला हक्क देतात, आणि 21व्या कलमात तर नकाराला जोडून अपवाद येतो. तो नकार कुठवर पोचतो आणि अपवाद कुठून सुरू होतो, हे वाचता येणे ही केवळ परीक्षेतल्या गुणांची बाब राहत नाही.

हे संपूर्ण इंग्रजी व्याकरण नाही. उपपदे, शब्दयोगी अव्यये, कर्मणी प्रयोग यांना इथे जागा नाही. उदाहरणे मुद्दाम धरण, कालवा, मोटार, एस.टी., बाजार आणि परीक्षा यांतली घेतली आहेत, कारण वाक्याचा अर्थ आधीच कळलेला असेल तर मुलाचे लक्ष रूपाकडे जाते. प्रत्येक रचना आधी मराठीत उलगडली आहे, मग इंग्रजीत, आणि दोन्ही जिथे फाटतात तिथे थांबलो आहे. मराठवाड्याच्या बोलीतली रूपेही घेतली आहेत. 'आला होता'ला 'आलता' म्हणणाऱ्या मुलाला आधी प्रमाण मराठी शिक आणि मग इंग्रजी, असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. 'आलता'मधला 'होता' त्याला पक्का ठाऊक असतो आणि 'हॅड कम' समजायला तेवढा पुरतो.

शिक्षकांनी पुस्तक पहिल्या पानापासून घेतलेच पाहिजे असे नाही. आठवीपर्यंतच्या वर्गासाठी नकाराचा भाग पुरेसा आहे. नववी-दहावीला 'पडला तर' आणि 'पडला असता तर' यांचे धडे आधी घ्यावेत आणि स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्यांनी मुरलेल्या नकारावरचा भाग सोडू नये. सराव फळ्यावर लिहून घेण्याआधी तोंडी घ्यावा, आणि मुलांनी उत्तर आधी मराठीत दिले तर त्यांना अडवू नये.